कराचीला निघालेले सासरे

माझ्या सासऱ्यांचे वडील गलबतावर तांडेल होते, गलबत त्यांच्या हुकमाने चालायचं. इंग्रजांच्या काळात ते तारापूरहून मनोरकडचं लाकूड आणि सुके बोंबील भरून कराचीला जात, येताना खजूर आणत. इथेही इंग्रज, तिथेही इंग्रज. मधे कोणी अडवायचं नाही. सासरे हे इतक्यांदा सांगत, की कराची म्हणजे मला डहाणूच्या जरा पलीकडचं बंदर वाटायचं.

त्याच कराचीच्या तुरुंगात माझा नवरा आहे. गुजरातेत ओख्याच्या मासेमारी बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. पाण्यात हद्द कुठे दिसते? पाकिस्तानच्या गस्तीच्या बोटीने सगळ्यांना धरून नेलं. बोटमालकाचा फोन आला. "भाभी, सब पकडे गये," एवढंच बोलला आणि ठेवला.

पालघरच्या कचेरीत खेटे घातले. "नाव वर कळवलंय," एवढंच उत्तर. बोईसरच्या बाजारात मी मासे विकते. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि मला तो आठवायचाच नाही.

एका सकाळी सासरे घरात दिसले नाहीत. मी किनाऱ्यावर धावले. ओहोटी लागलेली. आमची लहान होडी चिखलात रुतली होती आणि म्हातारा छाती लावून ती ढकलत होता. होडीत पाण्याचा कॅन आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या.

"बाबा, कुटं निघालात?"

"कराचीला. पोराला आणतो."

"तिकडं आता कोण जाऊ देतंय? धरतील तुमाला."

"धरू दे की. त्याच्याजवळच ठेवतील ना?"

 त्यांना घरी न्यायला आले होते, पण मीही होडीला खांदा लावला. खरंच लावला. दोघांनी रेटली, तरी ती तसूभर हलली नाही. शेवटी ते चिखलातच बसले आणि हमसून रडले. भरती लागून पाणी पायांशी चढू लागलं तेव्हा मी त्यांना उठवलं.

सासरे भादव्यात गेले. अग्नी पुतण्याने दिला.

दिवाळीनंतर एडवणचा एक खलाशी तिथून सुटून आला. मी भेटायला गेले.

"वहिनी, जिता हाय तो," तो म्हणाला. "खोकतो लय. तुमाला विचारायला सांगितलंय, बाबा बरं हायत ना?"

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिकडे निरोप धाडायला वाट नाही. असती, तर काय धाडलं असतं, मला ठाऊक नाही.

सोमवारी परत पालघरला जायचंय.