वाचा गेलेल्या माणसाचा फोन

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे मात्र जात नाही. आजही फोन उचलला की मी आधी गप्प राहतो, समोरच्याला बोलू देतो. घरचे हसतात, हसोत.

मतदान दोन दिवसांवर होतं. सुरगाण्याकडच्या आमच्या ठाण्यात सकाळी बंदोबस्ताचं वाटप चालू असताना एक जीपवाला आला. एका पाड्यावरची माणसं दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेली होती. मतदानाला त्यांना आणायचं काम दरवेळी याचंच.

"साहेब, सगळे जीप नको म्हनतात. बाबांचा फोन आला, मतदान पुढं गेलंय, वर येऊ नका."

"मग बाबांनाच विचार."

"कसं इचारू? लकवा झालाय. महिना झाला, वाचा गेलीय."

बाबा म्हणजे पाड्यातले जाणते. प्रत्येक मतदानाआधी ते घरोघरी फोन करायचे आणि त्यांच्या शब्दावर माणसं निघायची. आवाज ऐकून मजुरांना वाटलं, बाबा बरे झाले. एकाने तर बागेत गूळ वाटला होता.

एका मजुराच्या मोबाइलवर तो फोन रेकॉर्ड झाला होता. तो मागवून घेऊन मी पाड्यावर गेलो आणि बाबांच्या खाटेशी लावला. आवाज सुरू झाला तसे म्हाताऱ्याचे ओठ त्या शब्दांबरोबर हलू लागले. घशातून काहीच येत नव्हतं. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ प्रेतं पाहिली, पण अंगावर काटा आला तो भर दुपारी, त्या खाटेशी.

त्यांची बायको दाराला टेकून ऐकत होती.

"आवाज यांचाच हाय. पन हे पाड्यातल्या सुनांना माहेरच्या गावानं हाक मारतात. या फोनातल्यावानी आडनावासकट नाव कधी घेत नाय."

आडनावासकट नाव मतदार यादी घेते. बाकीचे फोन तपासले. एका मजुराच्या मोबाइलवर त्याच्या आईला पूर्ण नावानिशी निरोप होता, तब्येत सांभाळा म्हणून. ती बाई दोन वर्षांपूर्वी वारली होती. यादीतून नाव कमी झालेलं नव्हतं.

चौकशीत निघालं, मोबाइल नंबर टाकलेली तीच यादी एका कार्यकर्त्याने नाशिकच्या प्रचार कार्यालयात दिली होती; त्या उमेदवाराला या पाड्याची मतं कधीच पडत नसत. मी गुन्हा नोंदवला आणि तिथल्या तिशीतल्या इसमाला ताब्यात घेतलं. पहिला तासभर तो साळसूद होता. यादीतलं त्या मयत बाईचं नाव दाखवल्यावर ढिला पडला. बाबांचं जुनं भाषण संगणकाला देऊन त्याने आवाज बनवला होता.

"मी तोंडातून एक शब्द काढला नाही, सर. फक्त टाइप केलं."

"त्यांची परवानगी?"

"ते बोलू शकत नाहीत, सर. म्हणून तर त्यांचा आवाज घेतला."

मी उठून बाहेर गेलो, पाणी प्यायलो.

आता माणसं परत आणायची होती. मी बागेत फोन केला. पलीकडून शांतपणे विचारलं, "काल बाबांचा आवाज होता. आज तुमचा खरा कशावरून?" मी फोन ठेवला.

शेवटी बाबांना जीपमध्ये घालून घाट उतरलो. बागेच्या बांधावर दोघांनी त्यांना धरून उभं केलं. त्यांनी अजून हलणारा डावा हात उचलला आणि जीपकडे दाखवलं. कुणी काही विचारलं नाही, कात्र्या ठेवून माणसं निघाली. तीन घरं मात्र मुकादमाने पुढच्या कुठल्याशा बागेवर नेली होती. मतदान संपेपर्यंत त्यांचा पत्ता लागला नाही.

उभ्या नोकरीत 'आवाज ओळखला' असं मी जबाबात किती सहज लिहून घेत आलो. हे प्रकरण घडेपर्यंत त्यात काही चूक असेल असं मनातही आलं नव्हतं. आरोपपत्र गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली.

आठवड्याने त्या तीन घरांतली एक बाई ठाण्यात आली.

"साहेब, चोर सापडला ना? मंग आमचं मत कधी घेनार?"

मतदान संपलं, आता मत घेता येणार नाही, हे मी तिला सांगितलं. ती उठली.

"बाबांना नका सांगू. त्यांना वाटतंय, आमी सगळे पोचलो."