वकील बदलायला गेलो आणि मृत्युपत्र करून आलो

माझे मृत्युपत्र तयार आहे, आणि त्याचे एकमेव कारण हे की मला समोरच्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही.

प्रकृतीची तक्रार नाही. मृत्युपत्र केले तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो, आयर्लंडमधल्या एनिस गावाहून शॅननच्या एका कंपनीत रोज गाडीने जात होतो आणि संध्याकाळी सुखरूप परतत होतो. मला मरायचे नव्हते. मला घर घ्यायचे होते!

साल २०१६. माझी पत्नी मानसी एनिसच्या रुग्णालयात डॉक्टर, मुलगी ईरा नऊ वर्षांची, आणि आमचे भाड्याचे चौथे घर चालू होते. त्या चार घरांचा परिणाम असा की भिंतीवर चित्र चिकटवण्यापूर्वी ईरा "इज धिस वॉल आवर्स?" असे विचारू लागली होती. तो प्रश्न मला लागला. म्हणून गावाबाहेरचे, मागे सफरचंदाचे झाड असलेले एक घर आम्हाला पसंत पडले आणि बँकेने कर्ज तत्त्वतः मंजूर केले, तेव्हा ईराने आपल्या खोलीची भिंत फूटपट्टीने मोजून तो आकडा एका कागदावर लिहूनही ठेवला. आता बँकेच्या अर्जावरचा एकच चौकोन रिकामा होता : तुमचे सॉलिसिटर कोण? (घराच्या कागदपत्रांचे काम पाहणारा वकील म्हणजे सॉलिसिटर. तो आपण निवडायचा, पण तो बँकेच्या अटींत बसला पाहिजे.)

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लिमरिकच्या ओर्ला नावाच्या बाईंचे नाव मला सुचवले होते. तेच लिहिणार, इतक्यात शेजारच्या ब्रीडाबाई ताजा ब्राउन ब्रेड घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"वकील ना? मग चौकातले डेलनी! माझ्या आईचं सगळं त्यांनीच पाहिलं. का, तुमच्या मनात दुसरं कोणी आहे?"

ब्रेड अजून गरम होता. "छे, कोणीच नाही," मी म्हणालो.

मिस्टर डेलनींचे ऑफिस एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. वय सत्तरीचे, आवाज इतका मृदू की ऐकण्यासाठी पुढे झुकावे लागे. त्यांनी चहा दिला, माझ्या वडिलांची चौकशी केली, सांगली समुद्रापासून किती दूर आहे हे विचारले आणि शेवटी म्हणाले, "सगळं ग्रँड होईल."

झाले नाही. आठवड्याने बँकेचे पत्र आले : आपण नेमलेले सॉलिसिटर आमच्या अटींत बसत नाहीत, कृपया दुसरे नाव कळवावे. कारण दिले नव्हते. त्याच दिवशी एजंटचाही फोन आला. घर विकणाऱ्या बाई येत्या बुधवारनंतरच्या बुधवारपर्यंतच थांबतील. दुसऱ्या एका जोडप्याने घर दोनदा पाहिले आहे. ओर्लाबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मी लगेच सुरू करते. फक्त डेलनींना सांगून तुमची फाईल आणा."

फक्त!

"ईमेल टाक ना एक," मानसी म्हणाली.

"वडीलधाऱ्या माणसाला ईमेलने काढायचं? अगं, त्यांनी चहा दिलाय मला."

"चहा तुझ्या कंपनीतही देतात. उद्या नोकरी सोडलीस तर ईमेलच करशील ना?"

(ती नोकरी मी अकरा वर्षे सोडलेली नाही, त्याचे कारणही हेच.)

दोष थोडा माझ्या घरचाही आहे. सांगलीला आमच्या घरी डॉक्टर, शिंपी, वाणी बदलत नसत, ते वारत. आमच्या डॉक्टरांना पुढे पुढे ऐकू येईनासे झाले, तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर खोकून दाखवू लागलो, पण डॉक्टर बदलले नाहीत. अशा घरातला मुलगा पहिल्याच वकिलाला तोंडावर 'तुम्ही नको' कसे म्हणणार?

तरी मंगळवारी गेलो. गाडीत वाक्य सात वेळा म्हणून पाहिले. चहा आला. मी म्हणालो, "मिस्टर डेलनी, मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. दोघेही बराच वेळ बिस्किटांकडे पाहत राहिलो. मग तेच हळूच म्हणाले, "एवढं कर्ज डोक्यावर घ्यायचं म्हटलं की माणसाच्या मनात नाही नाही ते येतं. आपल्याला काही झालं तर बायकोचं, मुलीचं काय... हेच ना?"

हे नव्हते.

"हेच," मी म्हणालो.

घरी मानसी पोळ्या करत होती. "सांगितलंस?"

"विषय काढला."

"मग?"

"मृत्युपत्र करतोय."

ती पोळी करपली.

शुक्रवारी सह्यांसाठी गेलो तो मात्र निर्धाराने. पण साक्षीदार म्हणून त्यांच्या सेक्रेटरी नोराबाई आणि खालचे चपलांचे दुकानदार हजर होते. मिस्टर डेलनींनी आपल्या मृदू आवाजात मजकूर वाचून दाखवला : माझ्या पश्चात माझे घर मानसीला आणि तिच्यानंतर ईराला, सफरचंदाच्या झाडासह. स्वतःच्या निधनाची बातमी इतक्या सभ्य भाषेत मी प्रथमच ऐकत होतो. माझे डोळे भरून आले. ते पाहून दुकानदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इथे मयताच्या घरी जे म्हणतात तेच म्हटले, "सॉरी फॉर युअर ट्रबल." आता अशा प्रसंगी फाईल मागायची कशी?

"सांगितलंस?" मानसीने विचारले.

"नाही. पण येत्या मंगळवारी तुझं मृत्युपत्र आहे."

"माझं?"

"दोघांचं एकदम केलेलं बरं, म्हणाले."

"अरे, या वेगाने तू आपल्याला त्या घरात न्यायच्या आधी वर नेशील!"

"जस्ट टेल हिम, बाबा," ईरा म्हणाली. मग तिने भिंतीच्या मापाचा कागद घडी करून दप्तराच्या तळाशी ठेवून दिला. फेकला नाही, फक्त दिसणार नाही असा ठेवला. चार घरे बदललेल्या मुलीला आशा कुठे ठेवावी हे कळू लागले होते. त्या क्षणी मला माझ्या भिडस्तपणाची पहिल्यांदाच लाज वाटली. एरवी मी त्याला सौजन्य समजत असे.

मंगळवारी आम्ही दोघे गेलो. बुधवार उद्यावर आला होता. मानसीने कपाला हातही लावला नाही.

"मिस्टर डेलनी, बँकेला तुम्ही चालत नाही. आम्हाला फाईल हवी आहे."

मी गालिच्याचे निरीक्षण करू लागलो. मिस्टर डेलनींनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास सोडला. "थँक गॉड!"

त्यांनी खण उघडला. आत आमची फाईल फितीने बांधून तयार होती, आणि वर बँकेचे पत्र. आमच्या पत्राच्याच तारखेचे!

"मी काम आवरतं घेतोय," ते म्हणाले, "म्हणून चुकांची भरपाई देणारा व्यवसायाचा विमा कमी केला. बँकेला तो पुरत नाही. तुम्ही 'अवघड गोष्ट' म्हणालात, तेव्हा वाटलं, आता हेच विचारणार. धीर झाला नाही. इतका सज्जन माणूस, एवढ्या विश्वासाने आलेला... मग मृत्युपत्राचं सुचलं."

"रोज सांगत होते, त्या बिचाऱ्याला सांगून टाका म्हणून!" बाहेरून नोराबाईंचा आवाज आला. मानसीने दाराकडे असे पाहिले, जणू सख्खी बहीण भेटली.

मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे. दोन सभ्य पुरुषांनी एकमेकांचे मन दुखू नये म्हणून दोन आठवडे एका मुलीची भिंत पणाला लावली होती. मग त्यांनीच विचारले, "आणखी चहा?" मला चहा नको होता. मी घेतला.

फाईल त्याच दुपारी लिमरिकला पोचली, बुधवारी सह्या झाल्या आणि पुढच्या महिन्यात किल्ल्या मिळाल्या. ईराने पहिले चित्र कोणालाही न विचारता चिकटवले. ती भिंत आता चित्रांमुळे दिसत नाही.

किल्ल्या देताना ओर्लाबाई मात्र जरा घुटमळल्या. "फाईलमध्ये तुमचं मृत्युपत्र सापडलं. त्यात हे घर तुम्ही कुटुंबाला देऊन टाकलंय. सही केलीत तेव्हा ते तुमचं झालं नव्हतं, हे माहीत होतं ना?"

माहीत होते. पण "आणि घर कोणाला द्यायचं?" असे मिस्टर डेलनींनी इतक्या आपुलकीने विचारले होते की, 'घर अजून माझे नाही' असे सांगून त्यांचा हिरमोड करणे मला काही बरे वाटले नाही.