तांबटाची फांदी

आमच्या रविवारच्या पक्षीनिरीक्षण गटात पक्षी कमी आणि किस्से जास्त दिसतात. पक्षी निदान उडून तरी जातात. किस्से मात्र साचत राहतात आणि आठवडाभर माझं डोकं खातात. मी नागापूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट तपासायचे आणि खराब असेल तो बाजूला काढायचा, एवढंच काम. गटातल्या माणसांना तसं बाजूला काढता येत नाही, हे माझं खरं दुखणं!

*

औटी साहेबांचंच घ्या. मूळचे पारनेरचे, आता सावेडीत बंगला. लेन्स एवढी मोठी की ती धरायला ड्रायव्हर सोबत येतो. एकदा त्यांच्याच दारात तारेवर बसून दयाळ गात होता. काळा-पांढरा, शेपटी वर, आणि गाणं अगदी जीव ओतून. मी म्हटलं, "साहेब, ऐका तरी!"

"कॉमन आहे हो. मेमरी कार्ड कशाला भरायचं?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ग्रुपवर दुसऱ्या कुणीतरी काढलेला फोटो टाकला. पक्षी तोच, पण खाली लांबलचक इंग्रजी नाव. "अप्रतिम! हा कुठे बघायला मिळेल? दोन दिवस काढून जायची तयारी आहे."

मी लिहिलं, "तुमच्याच मीटरच्या पेटीत. पिल्लं आहेत त्याची तिथे!"

साहेबांनी हसण्याचा इमोजी टाकला. त्यांना तो विनोद वाटला.

*

लोंढे काका गटात सगळ्यात ज्येष्ठ. म्हणून पक्ष्याचं नाव तेच जाहीर करतात. एकदा मटण मार्केटवर घार घिरट्या घालत होती. काका म्हणाले, "गरुड!"

मी म्हटलं, "काका, घार आहे ती. शेपटीची खाच बघा ना."

"ज्यांना ज्यांना गरुड वाटतोय त्यांनी हात वर करा," काका म्हणाले.

सगळ्यांचे हात वर! खाली हात फक्त माझा. काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघा ताई, लोकशाही हाय. बहुमत गरुडाचं."

मटण मार्केटवर गरुड दिसल्याची पोस्ट मग गावभर फिरली. संध्याकाळी माझ्या मावसबहिणीनं ती सोनईहून मलाच पाठवली: "तुला माहीत होतं का गं?"

*

आमच्या सोसायटीचे चेअरमन गाडे अण्णा. फेब्रुवारीत त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर दम भरला, "पहाटपासून कोण पत्रा ठोकतंय? काम बंद करा, न्हाईतर दंड!" लोकांनी एकमेकांवर आळ घ्यायला सुरुवात केली.

मी अण्णांना बागेतल्या गुलमोहराखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. "हा बघा पत्रा ठोकणारा." चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळाला लाल टिळा. टुक-टुक-टुक-टुक! भांडी घडवल्यासारखा आवाज, म्हणून तर त्याला तांबट म्हणतात.

अण्णा हरखले. "एवढंसं पाखरू, अन् आवाज केवढा!"

मग मी त्यांना वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला असलेलं गोल भोक दाखवलं. ती तांबटाची ढोली. कंपनीच्या बसची वाट बघताना रोज सकाळी मी ते काम बघत होते. नवरा-बायको आळीपाळीनं लाकूड कोरायचे, चोचीत भुसा धरून बाहेर टाकायचे. माझा जीव त्या फांदीत अडकला होता, खोटं कशाला बोलू? मी चक्क हात जोडले. "अण्णा, पिल्लं उडून जाईपर्यंत ही फांदी तोडू नका."

"तोडतो कशाला? माझा शब्द हाय!"

*

मार्चमध्ये ढोलीतून पिल्लांचा आवाज यायला लागला. ही बातमी औटी साहेबांना कुणी दिली देव जाणे. रविवारी बघते तर साहेब झाडाखाली उभे आणि मोबाईलवर तांबटाचा आवाज लावलेला! आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं वाटून तांबट वेडापिसा झाला होता. चोचीतलं फळ टाकून या फांदीवरून त्या फांदीवर नुसता धावत होता. आत पिल्लं उपाशी ओरडत होती.

मी मोबाईल हिसकावून घेतला. "तुमच्या दारात उभं राहून कुणी तुमच्या घरावर हक्क सांगितला, तर पोराबाळांना घास भरवाल का तुम्ही?"

साहेबांनी शांतपणे कॅमेऱ्याचा स्क्रीन माझ्यापुढे धरला. "पण ताई, त्याच्या डोळ्यातली चमक काय आलीय बघा!"

*

अण्णांना एव्हाना पक्ष्यांचं वेड लागलं होतं. चिमणी दिनाला सोसायटीत कार्यक्रम ठरला, फ्लेक्स लागला. वर "चिमणी वाचवा", खाली अण्णांचा फोटो, आणि मध्ये कुठल्या तरी थंड देशातला निळा-केशरी पक्षी. मी तणतणत फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "अहो, ही चिमणी नाही!"

"मॅडम, आधी चिमणीच टाकली हुती. अण्णांनीच काढाया लावली. म्हनले, लई साधी दिसती!"

*

कार्यक्रमाच्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती. बसमधून उतरले ती थेट बागेत गेले. खुर्च्या, हार, नारळ, सगळा थाट. गुलमोहराला रंगीत लाकडी घरटी टांगली होती. वाळकी फांदी मात्र जागेवर नव्हती. तिथे नुसता ताजा काप होता.

"अण्णा, फांदी कुठाय?"

"सकाळीच काढली. फोटोत वंगाळ दिसत हुती. घरटी टांगायला बी अडचन."

"आत पिल्लं होती!" मी ओरडले. माईकवर चाललेलं भाषण थांबलं.

"आमाला तर काय दिसलं न्हाई बा. टेम्पोत गेली फांदी." टेम्पो कुठे गेला, ते कुणालाच सांगता येईना. अण्णा माझी समजूत काढायला लागले. "ताई, रागावता कशाला? जुनं पाडून नवं दिलंय की. वर रंग बी दिलाय!"

तेवढ्यात तांबट आला. चोचीत पिंपळाचं लाल फळ. फांदी होती तिथे, भोक होतं बरोबर त्या उंचीवर, तो हवेत पंख फडफडवत थांबला. मग शेजारच्या फांदीवर जाऊन बसला. पुन्हा आला. पुन्हा तिथेच, हवेत. फळ चोचीत तसंच.

अण्णांनी माईक हातात घेतला. "बघा मंडळी, आलं! नवं घर बघाया आलं! वाजवा टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.