लिहिल्याची तारीख

अंबिका तोडणकर परळच्या त्या लिफ्ट कंपनीत लागल्या तेव्हा रेकॉर्ड म्हणजे एक लोखंडी कपाट होतं. आता निवृत्तीला सात महिने उरले होते आणि कागदांनी दोन खोल्या भरल्या होत्या. लालबागपासून गिरगावापर्यंतच्या चारेकशे लिफ्टची देखभाल कंपनीकडे. मेकॅनिक दर महिन्याला लिफ्ट तपासून चिठ्ठी लिहायचा आणि अंबिकाताई ती रजिस्टरात उतरवायच्या. कुठल्याही इमारतीचं नाव घ्या, त्या उठून नेमक्या फळीपाशी जायच्या.

पण त्या वर्षी त्या भाचीच्या लग्नाला देवगडला गेल्या आणि नेमकं तेव्हाच सरकारी निरीक्षकांनी अकरा लिफ्टचे कागद मागितले. दोन दिवस शोधूनही कुणाला ते मिळाले नाहीत. कंपनीला नोटीस आली. मालक एडवर्ड मिस्किटा यांनी ठरवलं, आता सगळं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर जाणार. मॅनेजर स्वप्नीलनं बऱ्याच सिस्टीम पाहून दोन निवडल्या आणि अंबिकाताईंना म्हणाला, "ताई, शेवटच्या मीटिंगला तुम्ही बसा. कागद तुम्हीच ओळखता."

पहिली सिस्टीम देखणी होती. मेकॅनिकनं मोबाईलवर चार ठिकाणी बोट लावलं की नोंद झाली. दाखवायला आलेला माणूसही गोड बोलणारा होता.

"समजा एखादी नोंद राहून गेली," अंबिकाताईंनी विचारलं, "तर नंतर टाकता येते?"

"येते ना मॅडम. तारीख तुम्हीच निवडायची. मागची टाका, पुढची टाका. चुकलं तर बदला, जुनं कुठे दिसतसुद्धा नाही. इन्स्पेक्शनच्या आधी सगळं एकदम क्लीन."

स्वप्नील खूश झाला. दुसरी सिस्टीम जुनाट दिसत होती, चालायलाही संथ. तिच्यात नोंद कुठल्याही तारखेची करा, ती प्रत्यक्षात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणी लिहिली हे खाली आपोआप उमटायचं. खोडायची सोयच नव्हती. चूक दुरुस्त केली तरी आधीचं तसंच राहायचं.

"ही जरा डोकेदुखी आहे," स्वप्नील म्हणाला. "पहिलीच घेऊ या. काय ताई?"

"उद्या सांगते," अंबिकाताई म्हणाल्या आणि उठल्या.

काळाचौकीला घरापर्यंत त्या चालत गेल्या. अकरा वर्षांपूर्वीची एक सकाळ त्यांच्या मनातून हलत नव्हती.

तेव्हा मनू कांदळगावकर कंपनीत मेकॅनिक होता. दादरच्या एका इमारतीची लिफ्ट तपासून त्यानं चिठ्ठी दिली होती : 'ब्रेकचं लायनिंग पूर्ण झिजलंय. लिफ्ट बंद ठेवावी.' तेव्हाच्या मॅनेजरनं ती चिठ्ठी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली. बघू, म्हणाला. सहा दिवसांनी ती लिफ्ट दोन मजले घसरली आणि आत असलेल्या व्हायोला डिसोझा नावाच्या शिक्षिकेचा पाय कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर सकाळीच अंबिकाताईंच्या टेबलाशी आला. रजिस्टरात त्या तपासणीची ओळ कोरीच होती. त्यानं मागची तारीख सांगितली आणि मजकूरही सांगितला : 'ब्रेक तपासला. ठीक.' तपासणाऱ्याचं नाव, मनू कांदळगावकर.

त्यांनी लिहिलं. घरी नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं, मुलगी शाळेत होती. पण लिहिताना यातलं काहीच डोक्यात आलं नव्हतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. साहेबांनी सांगितलं, हात चालला, एवढंच. चिठ्ठी पुन्हा दिसली नाही. चौकशीत मनूवर निष्काळजीपणाचा ठपका आला, त्याची नोकरी गेली. तो मॅनेजरही पुढे वारला. राहिल्या त्या अंबिकाताई आणि ती ओळ.

दुसऱ्या दिवशी त्या रजिस्टर घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. स्वप्नील तिथेच होता. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं.

मिस्किटांनी रजिस्टर जवळ ओढून ती ओळ वाचली. "कांदळगावकरला काढल्याच्या पत्रावर सही माझी आहे," ते म्हणाले. "अकरा वर्षं तुम्ही गप्प राहिलात. आत्ता का सांगताय, मिसेस तोडणकर?"

"सर, पहिली सिस्टीम घेतलीत तर माझ्या जागी जी येईल तिलाही असंच लिहायला सांगता येईल. इथे निदान माझं अक्षर तरी राहिलं. तिथे तेही राहणार नाही."

स्वप्नीलनं हळूच पुढ्यातला पहिल्या सिस्टीमचा करार मिटून ठेवला.

कंपनीनं दुसरी सिस्टीम घेतली. मिस्किटांनी वकिलांचा सल्ला बाजूला ठेवून निरीक्षकांना खरं काय ते कळवलं. अंबिकाताईंवर रीतसर ठपका आला, रेकॉर्डचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. त्यांनी तक्रार केली नाही. एकच मागितलं : मनूवरचा दोष मागे घेतल्याचं पत्र मी स्वतः नेऊन देईन.

मनू वडाळ्याला राहत होता. घरीच मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. बायको रमाबाईनं दार उघडलं, पण अंबिकाताईंना बघून ती बाजूला होईना. "येऊ दे गो," आतून मनू म्हणाला.

त्यानं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"मनूभाऊ, ती ओळ मी लिहिली."

"ठाऊक आहे. चौकशीत रजिस्टर माझ्यासमोरच ठेवलं होतं. अक्षर तुमचं. मी सांगत होतो, चिठ्ठी दिलीय, चिठ्ठी दिलीय. तुम्ही दारापाशी उभ्या होतात."

क्षमा हा शब्द अंबिकाताईंनी वाटेत कितीदा तरी जुळवला होता, तो आता फार छोटा वाटला.

"माफ करायचं माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही," मनू शांतपणे म्हणाला. "पण माझंही एक राहिलंय. ब्रेक गेलेला मी डोळ्यांनी बघितला. चिठ्ठी लिहिली आणि निघालो. मेन स्विच पाडून, कुलूप लावून यायला हवं होतं. वॉचमन म्हणाला, वर म्हातारी माणसं आहेत, आणि मी ऐकलं." त्यानं पत्राची घडी घातली. "त्या टीचरना हे कळवलंय?"

"नाही. कंपनी पत्र पाठवणार आहे."

"पत्र नको. रविवारी जाऊ या."

रविवारी दोघं दादरला गेले. व्हायोलाबाई काठी टेकत दाराशी आल्या, बसा म्हणाल्या. आधी अंबिकाताईंनी सांगितलं, मग मनूनं. सगळं संपल्यावर व्हायोलाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, मीच आत जाऊन काहीतरी चुकीचं बटण दाबलं."

"लिफ्ट बंद ठेवा असं कुणीतरी लिहिलं होतं तर." मग व्हायोलाबाईंनी मनूला त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि एका वहीत सावकाश लिहून घेतलं.