मागच्या थ्रेडनं स्क्रीनला हात लावायचा नाही

लॅपटॉप माझ्यापुढून ओढून घेत आमच्या ऑफिसचे मालक पाहुण्यांना म्हणाले, ‘राखीव कोट्यातलं डोकं हाय, अडकणारच.’ पाहुणे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

पाहुणे म्हणजे लातूरच्या एका मोठ्या क्लासचे संचालक. मुखेड, देवणी, रेणापूर, कुठल्या गावातून किती पोरं येतात, याचे गाववार नकाशे त्यांना हवे होते. मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की नकाशाचं सॉफ्टवेअर आपोआप एकेक नकाशा काढायचं. त्या दिवशी बटण दाबलं आणि स्क्रीन पांढरी पडली. आत काम चालू होतं. पण नकाशे काढणं आणि माणसाच्या क्लिकला ओ देणं, दोन्ही एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर. बघणाऱ्याला वाटलं, मेलं.

मी नकाशांचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकलं. तो थ्रेड स्वतःच स्क्रीनवर आकडा लिहायला गेला आणि सगळं सॉफ्टवेअर बंद पडलं. मग नियम कळला. मागच्या थ्रेडनं स्क्रीनला हात लावायचा नाही. निरोप लांब ठेवायचा, पुढचा थ्रेड तो उचलून दाखवतो.

हा नियम वाचताना आईची घागर आठवली. भूकंपात गावातली सगळीच घरं पडली, तरी टँकरपाशी आमची रांग वेगळी. आई घागर ठेवून मागं सरायची, मग कोणीतरी वरून पाणी ओतायचं. यंत्राला कारण तरी आहे, दोघांनी एकदम लिहिलं की घोळ होतो. माणसांकडं काय कारण होतं?

प्रोग्राम नीट चालला. मागं नकाशे निघत होते, पुढं स्क्रीन क्लिकला ओ देत होती. मी मालकांशी सौदा केला. पगारवाढ नको, पुढच्या बैठकीत मी बसणार, मीच दाखवणार. मालक ‘हाव, बस’ म्हणाले.

बैठकीत लॅपटॉपपुढं त्यांचा पुतण्या बसला. मला बाहेर प्रिंटरपाशी उभं केलं. संचालकांनी विचारलं, एवढं काम चालू असून आता हे अडकत कसं नाही? पुतण्याला सांगता येईना. मालकांनी मला हाक मारली. आत एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडं निघालो.

‘दारातूनच सांग की.’

‘बसायचं ठरलं होतं, मालक.’

‘लई माजू नको. सांग अन् जा.’

मी भांडखोर माणूस. भाजीच्या जुडीसाठीही आवाज चढवतो. त्या दिवशी चढला नाही.

‘बसल्याबिगर सांगणार न्हाई,’ एवढंच म्हणालो. कोणीच बस म्हणालं नाही. मी पायऱ्या उतरलो, परत कामावर गेलो नाही.

प्रोग्राम तिथंच राहिला. पुतण्याच्या नावानं चालतो म्हणतात. ऐकलं की रडू येतं, खोटं कशाला सांगू.

चूक माझीही झाली. जे माझंच होतं ते मी पगारवाढ सोडून विकत घ्यायला गेलो. आता कुठंही गेलो की न विचारता खुर्ची ओढतो, बसतो, मग कामाचा भाव सांगतो. कामाच्या भावात घासाघीस करीन. बसण्याच्या नाही.