ताईंच्या चार खुंट्या

डॉक्टरांनी "दोन महिने" असं सांगितलं, तेव्हा सुलभाताईंनी पडल्या पडल्या विचारलं, "अधिक-उणे किती?" मी डोळे पुसता पुसता हसले... दुसरं काय करणार! दीड महिन्यात ताई गेल्या.

ताई माझ्या थोरल्या नणंद. सोलापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टी मिळाली की नान्नजच्या बाजूचा माळ गाठायच्या. नत्र, म्हणजे नायट्रोजन, हा त्यांचा विषय. खतांतून, गाड्यांच्या धुरातून, कारखान्यांच्या चिमण्यांतून उडालेलं नत्र पावसाबरोबर माळावर उतरतं, नाजूक गवतं मारतं आणि तण माजवतं, असं त्या सांगायच्या. "पण नत्र तर चांगलं ना, ताई?" मी एकदा म्हटलं. "तूप चांगलं म्हणून वाटीभर पितेस का गं?" माळाला किती सोसेल, एवढं एकच शोधायला त्यांनी उभं आयुष्य घातलं. चार लोखंडी खुंट्या ठोकून एक तुकडा आखला होता. त्यातली गवतं त्या दरवर्षी मोजायच्या.

पाचव्या वर्षी घोटाळा झाला. बिराप्पा धनगराला वाटलं, ताई एवढ्या उन्हातान्हात राबतात आणि रान बघावं तर खुरटं. खतासाठी शेतकरी पैसे मोजून मेंढरं बसवून घेतात. यानं मायेपोटी सगळा कळप रातभर तिथं फुकट बसवला. वर सकाळी हौसेनं सांगतोय, "ताई, आता बगा गवात कसं उटतंय!" एका रात्रीत लेंड्या-मुतातून ढीगभर नत्र पडलं, पाच वर्षांची मोजणी पाण्यात गेली! मी असते तर त्याला फाडून खाल्लं असतं. ताईंनी वही उघडली. म्हणाल्या, "बिराप्पा, मेंढरं किती होती?"

"असतील की दोन-अडीचशे."

त्यांनी तेच लिहून घेतलं. खुंट्या उपटून लांब नवा तुकडा आखला, पण जुन्यावरची नजर काढली नाही. तिथं तण कमरेएवढं माजलं. माळाचं मूळचं पवन्या गवत गेलं, ते परत आलंच नाही.

पुढे सरकारी समितीनं माळासाठी नत्राची मर्यादा ठरवायला ताईंना बोलावलं. त्या मर्यादेवर नव्या कारखान्यांच्या परवानग्या अवलंबून होत्या. मी सोबतीला गेले होते. साहेब म्हणाले, "मॅडम, एकच आकडा द्या, म्हणजे फाइल पुढे जाईल."

"एकच दिला तर ती थाप होईल. मर्यादा या दोन आकड्यांच्या मधे आहे. नेमकी कुठं, ते मला माहीत नाही."

"मग वरचा धरू."

ताईंनी बिराप्पाची मेंढरं बसलेल्या रानाचे फोटो टेबलावर पसरले. "हे गेलेलं गवत परत आणून दाखवा, आणि मग खुशाल वरचा धरा." बराच वेळ वादावादी झाली... शेवटी खालचा आकडाच ठरला. भरल्या सभेत 'माहीत नाही' म्हणायला छाती लागते हो! त्या दिवशी मला माझ्या नणंदेचा असा अभिमान वाटला की काय सांगू. घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "शैला, पिठलं टाक. भूक लागलीय."

परवा मी आणि हे माळावर गेलो. चारही खुंट्या जागच्या जागी होत्या. बिराप्पा कळप घेऊन येत होता. खुंट्या दिसल्या तसा त्यानं हाळी देऊन कळप वळवला आणि पार ओढ्याच्या कडेनं, मोठा वळसा घालून नेला.

"एवढ्या लांबनं कशाला रे?" मी विचारलं.

"किती लांब ऱ्हायचं, ते इचारलं तर ताईंनाबी नक्की ठाव न्हवतं की," तो म्हणाला. "म्हनून जरा जास्तच लांबनं नेतो."