अण्णांच्या दुकानाची पहिली बोहनी

मंडळी, आज रविवारी सकाळी ठीक दहा वाजता मी नल्लकुंट्यात मल्लेशअण्णांच्या किराणा दुकानासमोर उभा होतो. पुरानंतर दोन महिन्यांनी दुकान उघडत होतं. झेंडूची तोरणं, पेढे, सगळी गल्ली जमलेली.

दुकानातला चिखल काढायला मी चार दिवस होतो, म्हणून अण्णा म्हणाले, "पहली बोहनी तुमारे हाथ से होना, भाई."

त्यांनी तूरडाळीचं पाकीट माझ्या हातात दिलं. मी सवयीने ते उलटं करून तारीख वाचली. वर नाकाला लावून वासही घेतला.

मागून गल्लीतल्याच सरोजाआंटी म्हणाल्या, "क्यों, भीगा हुआ माल है क्या?" आणि हातातला आटा परत ठेवला. मग सगळेच पाकिटं हुंगू लागले.

अण्णा हसले, पण पेढ्यांचं ताट हातात तसंच राहिलं. "सूंघो अम्मा, सब सूंघो. नवा माल है, परसोंइच आया."

माल चांगला आहे, एवढं मी तेव्हाच मोठ्याने म्हणायला हवं होतं. मी पैसे ठेवून खाली मान घालून घरी आलो.

दुपारी त्याच डाळीचं वरण केलं. डाळ उत्तम निघाली, म्हणूनच ताट अर्धं ठेवून उठलो.

उद्या दुकान उघडताना पुन्हा पहिला जाऊन उभा राहिलो, तर अण्णा मला बोहनी करू देतील का?